साहेबांची डावी लाइन

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजले की अजूनही माझं कामात लक्ष लागत नाही. हातात लाटणं असो नाहीतर दुकानातली कागदांची चळत, एक कान जिन्याकडे जातो. वरून हाक येईल, "सुनंदाताई, या! लाइनवर पाणी सोडलंय!" आणि मी हातातलं टाकून, तिसऱ्या मजल्यावर, एका कुत्र्याच्या कानातला आवाज ऐकायला जाईन. चार वर्षं मी दर रविवारी हे केलं. माझ्या माहेरी कोणी विचारलं असतं, सुनंदा नाशिकला काय करते, तर काय सांगितलं असतं त्या बिचाऱ्यांनी?

हाक मारणारे शिरसाठकाका आता पुण्याला मुलीकडे असतात. जाताना त्यांनी मला एक जाडजूड रजिस्टर दिलं. म्हणाले, "सही करून ताब्यात घ्या." मी सही केली. काकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हतीच कधी.

आमची बिल्डिंग इंदिरानगरला, जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या गल्लीत. खाली माझं झेरॉक्सचं दुकान, पहिल्या मजल्यावर आम्ही दोघं, आणि तिसऱ्यावर काका एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका टेलिफोन खात्यात केबल जोडणारे होते. म्हणजे रस्त्याखालची केबल तुटली की खड्ड्यात उतरायचं, आणि केसाएवढ्या शेकडो तारा रंगाला रंग बघून एकेक सांधायच्या. त्यामुळे नाशिक त्यांना वरून कमी आणि खालून जास्त ठाऊक होतं. भाजी आणायला निघाले की मध्येच चौकात थांबून चपलेने जमीन ठोकायचे. "इथं माझा जॉइंट आहे, ताई. आठशे तारा. आजपर्यंत तक्रार नाही." मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. काका आपले जॉइंटवरच उभे. लोकांना वाटायचं, काय बेफिकीर माणूस आहे. मलाही तसंच वाटायचं.

जगातल्या सगळ्या दुःखाचं कारण काकांच्या मते एकच होतं, ओल. "बिघाड नेहमी ओलीत असतो," हे वाक्य दिवसातून चारदा तरी. माझं झेरॉक्स मशीन कागद चावायला लागलं, ओल. पापड फुलले नाहीत, ओल. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं भांडण झालं, तर काका जिन्यात उभं राहून गंभीरपणे म्हणाले, "कुठंतरी ओल शिरलीय. वेळेवर उघडून बघायला पाहिजे." ते जोडपं आठवडाभर माझ्याकडेच बघत होतं, जणू मीच चुगली केली.

आणि बोलणं! काका स्वतःच प्रश्न विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे आणि त्या उत्तरावर स्वतःच हरकतही घ्यायचे. समोरच्याला फक्त मान हलवायचं काम. फोन मात्र घ्यायचे नाहीत. जन्मभर टेलिफोन खात्यात काढलेला माणूस, पण मोबाइल वाजला की त्याच्याकडे परक्यासारखं बघायचे. "फोनवर बोलणं हे माझं काम होतं, ताई. आता मी रिटायर झालोय. मेसेज करा म्हणावं." मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं! तत्त्वाचा माणूस, म्हणून मी ह्यांना सांगायची. एवढी मी हुशार.

मग साहेब आले.

पुण्याच्या मुलीची, वैशालीची, कोणी मैत्रीण परदेशी निघाली होती. तिचा कुत्रा वैशालीने वडिलांना सोबत म्हणून आणून सोडला. ठेंगणा, लांबुळका, पाय वीतभर आणि कान जमिनीला टेकतील एवढे. बॅसेट म्हणतात त्या जातीला. चालताना स्वतःच्याच कानावर पाय देऊन पडायचा. पाणी प्यायला गेला की तोंडाआधी कान भांड्यात. नाव होतं ऑस्कर. काकांनी ते पहिल्याच दिवशी रद्द केलं.

"ऑस्कर काय? बघा याच्याकडे. काम काही करत नाही, दोनदा सांगितल्याशिवाय हलत नाही, आणि तोंड असं, की आत्ताच कोणीतरी महत्त्वाची फाइल हरवून आणलीय. आमच्या खात्यात असे खूप होते. हा साहेब आहे."

तेव्हापासून ते साहेब. अहो-जाहो सुद्धा. "साहेब जेवले." "साहेब फिरायला गेलेत." नवीन वॉचमन आला, त्याने महिनाभर जिन्यात येता-जाता वरच्या साहेबांसाठी टोपी काढली आणि खरे साहेब दिसल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आम्हा सगळ्यांशी काका पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. साहेबांशी मात्र अहिराणी. काका मूळचे सटाण्याकडचे. काकू गेल्यापासून घरात ती भाषा बोलायला कोणी उरलं नव्हतं. "आठे या, साहेब. कान द्या तुमना. हालानं नही." आणि पुण्याच्या इंग्रजी घरात वाढलेला तो कुत्रा खरंच यायचा आणि हलायचा नाही.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात काकांना दार उघडायचं वेड लागलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्या दुकानात आल्या. "अहो, ते वरचे काका आमच्यावर पाळत ठेवतात. जिन्यात पाऊल टाकलं की धाडकन दार उघडतात आणि 'या!' म्हणतात. कधीकधी कोणीच नसतं, तरी 'या!' म्हणतात."

मी म्हटलं बघून तरी येते. काकांचं एक कुरिअर माझ्याकडे आलेलंच होतं. मधल्या लँडिंगवर उभी राहिले. आतून फटफटफट असा आवाज आला. साहेबांनी डोकं झटकलं होतं, ओल्या चपला एकमेकींवर आपटाव्यात तसे ते कान वाजायचे. लगेच दार उघडलं. "या!" कोणी नाही. काका गोंधळले, दार लावलं. पुन्हा फटफटफट. पुन्हा दार. "या!" असं तीनदा झालं. बाई गं, मला हसू आवरेना. मग साहेब बहुतेक आत गॅलरीत गेले, कारण आवाज थांबला. मी वर जाऊन बेल दाबली. दार उघडलं नाही. पुन्हा दाबली. मग बोट काढलंच नाही. बेल ठणाणा करत होती आणि दाराच्या पलीकडून काकांचं पेपर मोठ्याने वाचणं चालू होतं.

तेव्हा माझं हसू थांबलं. चौकातले हॉर्न, न घेतलेले फोन, न संपणारं बोलणं, सगळं एकदम समोर आलं. काकांना ऐकू येत नव्हतं. काहीच नाही. बेल वाजली की साहेब डोकं उचलायचे, आणि ते बघून काका दार उघडायचे. कुकरची शिट्टी झाली की साहेब भुंकायचे, काका ते तोंड उघडणं मोजायचे. एवढा सगळा संसार त्या दोन लोंबत्या कानांवर चालला होता, आणि आता ते कान आजारी पडले होते. साहेबांनी डोकं नुसतं झटकलं, तरी काकांना बेल वाजल्यासारखं वाटत होतं.

मी खाली आले आणि कुणालाच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी काका साहेबांना फिरवताना दिसले तेव्हा तोंडासमोर उभी राहून म्हटलं, "काका, साहेबांच्या कानांना वास येतोय." काकांनी साहेबांचा कान उचलून हुंगला आणि त्यांचे डोळे चमकले.

"ओल!" ते म्हणाले.

तिथंच मी चूक केली. सरळ डॉक्टर म्हणायला हवं होतं. दोन दिवसांनी रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं म्हणून मी दुकानाबाहेर येऊन वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, काकांच्या दोन बनियनांच्या मधोमध, साहेबांचे कान वाळत घातले होते. प्रत्येक कानावर एक जुना पायमोजा चढवलेला, आणि मोजे चिमट्यांनी दोरीला लावलेले. खाली साहेब भिंतीला टेकून घोरत होते. मी धावत वर गेले. काका शांत. "हवा खेळली पाहिजे, ताई. शिवाय मोज्यात पुड्या ठेवल्यात." चपलेच्या खोक्यात ओल धरू नये म्हणून जी पांढऱ्या दाण्यांची पुडी येते, ती त्यांनी साऱ्या बिल्डिंगमधून मागून गोळा केली होती. केबलच्या जॉइंटलाही असंच काहीसं करतात म्हणे. कपाळ माझं!

डॉक्टरीणबाईंकडे रिक्षातून गेलो. साहेबांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी जन्मात कुत्र्याला हात न लावलेली बाई. डॉक्टरीणबाईंनी मोज्यांची हकिगत ऐकून आधी स्वतःचं डोकं धरलं. मग समजावून सांगायला लागल्या. पण त्यांच्या तोंडावर मास्क होता. काका समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यायचे, हे मला त्या दिवशी कळलं, कारण ते नुसतेच हसत मान हलवत होते. सगळं मीच ऐकलं. कानात औषध भरायचं. कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचं. आतून पचपच आवाज आला की समजायचं औषध तळाशी पोचलं. मग कापसाने दिसतो तेवढाच भाग पुसायचा, आत काडी घालायची नाही, आणि त्याला डोकं झटकू द्यायचं. आठवड्यातून एकदा. मी घरी येऊन सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

पहिल्या रविवारी मी सहज वर गेले. दार उघडंच होतं. काका जमिनीवर मांडी घालून साहेबांचा डावा कान चोळत होते. कधीपासून कोण जाणे. साहेबांची जीभ बाहेर, डोळे पांढरे, मागचा एक पाय हवेत आपोआप हलतोय. पचपच तर एवढी चालली होती, की मला दारातून ऐकू येत होती. काका मात्र माझ्या चिठ्ठीतल्या 'आवाज आला की थांबा' या ओळीकडे बघत जिवाच्या आकांताने चोळत होते. कपाळावर घाम. मला बघून थांबले.

मग म्हणाले, "त्याचं काय आहे, माझे हात गुंतलेत. चोळायचं आणि ऐकायचं, दोन्ही एकदम जमत नाही. खात्यातही एक माणूस खड्ड्यात असायचा आणि एक टेस्टिंगला. तुम्ही टेस्टिंगला थांबाल का?"

मी म्हटलं, "थांबते की. आलाय आवाज. केव्हाच आलाय."

अशी माझी नेमणूक झाली. रजिस्टर दुसऱ्या दिवशी आलं. माझ्याच दुकानातून घेतलं. त्यात रकाने: तारीख, डावी लाइन, उजवी लाइन, बिघाडाचं स्वरूप, टेस्टिंग करणाऱ्याची सही. डावी बाजू कायम जास्त खराब, कारण साहेब डाव्या कुशीवर झोपायचे. "सव्वानऊ. डावी लाइन. पाणी सोडलं," असं काका जाहीर करायचे आणि चोळायला लागायचे. मी वाकून ऐकायचे आणि अंगठा वर करायचे. मग कापूस. मग सगळ्यात वाईट भाग, म्हणजे साहेबांचं झटकणं. मळ आणि औषध चारी भिंतींवर. दोन साड्या वाया गेल्यावर मी रेनकोट घालून जायला लागले. स्वच्छ ऊन पडलेलं असताना मी रेनकोट घालून वर निघाले तेव्हा हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वर पाऊस आहे का?"

शेवटी काका दोन बोटांनी साहेबांचा कान अलगद उचलायचे, अगदी जुन्या फोनचा रिसीव्हर उचलावा तसा, आणि त्याच्यात बोलायचे. "हॅलो, टेस्टिंग. तिसऱ्या मजल्यावरून शिरसाठ बोलतोय. आवाज येतोय का?" साहेब नाक चाटायचे. काका रजिस्टर उघडून लिहायचे, 'लाइन ओके', आणि मी सही करायचे. चार वर्षांच्या त्या सह्या आता माझ्या कपाटात आहेत.

ऐकू येत नाही हा शब्द आम्ही दोघांनीही कधी उच्चारला नाही. एकदाच, मी रेनकोट काढत असताना, काका खिडकीकडे बघत बोलले. "ताई, वैशू म्हणते, ज्या दिवशी अण्णा तुम्हाला दाराची बेल ऐकू आली नाही, त्या दिवशी पुण्याला न्यायचं. तिचं चुकत नाही. पण तिच्या सासूबाईंना दमा. कुत्रा चालणार नाही. साहेब जातील कोणाच्या तरी शेतावर, आणि मी जाईन तिच्या सोफ्यावर. तिथल्या रस्त्याखाली माझा एक जॉइंट नाही." मी समोर जाऊन, त्यांना दिसेल असं म्हटलं, "डावी लाइन आज अगदी स्वच्छ निघाली." ते म्हणाले, "हो ना."

मग सगळी बिल्डिंगच सामील झाली. कुणी ठरवलं नव्हतं, पण लोक बेल वाजवून दाराबाहेर थांबायला शिकले. साहेबांना उठून भुंकायला वेळ लागतो, एवढं सगळ्यांना माहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईसुद्धा. वैशालीची फेरी व्हायची, बेल वाजायची, साहेब भुंकायचे, काका म्हणायचे, "अगं, आलो आलो, किती वाजवशील!" आणि ती बिचारी निश्चिंत होऊन परत जायची.

आणि मग काकांनी स्वतःच्या हाताने घोटाळा केला.

वैशाली येणार म्हणून सकाळी त्यांनी साहेबांना आंघोळ घातली. कानात पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून आधी दोन्ही कानांत कापसाचे चांगले घट्ट बोळे बसवले. केबल उघडी ठेवून कोणी पाणी मारत नाही, ही त्यांची जन्माची सवय. आंघोळ झाली, टॉवेलने पुसून झालं, कान वरून वाळवले. बोळे आत राहिले.

वैशाली आली तेव्हा आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं लावलेलं. तिने जाळीतून बघितलं. खुर्चीत अण्णा, शेजारी साहेब, दोघांच्याही पाठी दाराकडे, दोघंही टीव्हीसमोर. तिने बेल दाबली. एकही पाठ हलली नाही. पुन्हा दाबली. हाका मारल्या. जाळी बडवली. खालचे-वरचे लोक जिन्यात जमा झाले, पण त्या दोघांचं आपलं क्रिकेट चालू. पाव तास! शेवटी ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे ठेवलेली जास्तीची किल्ली मागायला आली. मी तिच्याबरोबर वर गेले. दार उघडून ती आत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे साहेबांच्या नाकाला ती कळली. त्यांनी मान वळवली. ते बघून काका तडक उठले आणि दाराकडे वळत म्हणाले, "या! बेल वाजली ना, उठलोच होतो मी."

वैशाली रडायला लागली. "अण्णा, मी पाव तास बाहेर होते. पाव तास! तुम्हाला काही झालं असतं तर? आता एक शब्द नको. बॅग भरा. आज चला."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, आणि त्यांना कळलं. खाली बसून त्यांनी दोन्ही कानांतले बोळे ओढून काढले आणि हातावर घेऊन तिला दाखवले. "लाइन डेड नव्हती गं. प्लग राहून गेला. जा, आता जाऊन वाजव. जा ना."

ती बाहेर गेली, बेल दाबली. साहेब असे भुंकले की भांडी वाजली. काका म्हणाले, "बघ!"

"अण्णा," वैशाली त्यांच्या समोर येऊन बसली, "साहेबांना ऐकू येतं. ते मी बघितलं. तुम्हाला येतं का?"

काकांनी टीव्ही बंद केला. औषधाची बाटली घेतली, साहेबांचा डावा कान उलटा केला आणि चोळायलाच लागले. वार रविवार नव्हता, वेळ सव्वानऊची नव्हती. खोलीत फक्त तो पचपच आवाज. थोड्या वेळाने त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. वैशालीनेही माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आवाज मी ऐकते, वैशाली. चार वर्षं मीच ऐकते."

काका माझे ओठ वाचत होते. म्हणाले, "सुनंदाताई, तुम्ही तर खात्यातल्या होत्या." आयुष्यात मला कोणी एवढं लागेल असं बोललेलं नाही.

मग ते वैशालीला म्हणाले, अगदी सरळ, "ऐकायचं मशीन लावलं की मी बहिरा. नाही लावलं तर नाही. म्हणून लावलं नाही. ज्याने सगळ्या गावाला फोनवर बोलतं केलं, त्याच्याच कानात मशीन, लोक हसतील."

वैशाली हसत-रडत म्हणाली, "अण्णा, तुमच्या कुत्र्याचे कान दोरीवर वाळत होते तेव्हा लोक हसले नाहीत का?"

"ते वेगळं," काका म्हणाले. पण तिथंच ते हरले. सौदा ठरला: कानात मशीन, तर मुक्काम नाशिकला, साहेबांसकट.

मशीन आणायला आम्ही गेलो तेव्हा तिथल्या मुलीने समजावलं, की रोज झोपताना मशीन या छोट्या डबीत ठेवायचं. काकांनी डबी उघडली. आत पांढऱ्या दाण्यांची पुडी! "ओल!" काका दुकानभर ओरडले. "ताई, ओल!" तिथून निघताना ते इतके खूश होते, की बहिरे ठरल्याचं विसरूनच गेले.

पुढच्या रविवारी मला हाक आली नाही. मी तरी रेनकोट घेऊन गेले. काका चोळत होते, मान एका बाजूला कलती करून. अचानक थांबले. पुन्हा चोळलं. चेहऱ्यावर किळस पसरली. "हा? हाच का तो आवाज? शी! चार वर्षं तुम्ही हे ऐकायला येत होतात?" मी म्हटलं, "हो." त्यांनी हात पुसले. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. टेस्टिंगच्या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली होती, आणि तिच्याखाली माझ्यासाठी जागा सोडली होती. खरं सांगते, मला वाईट वाटलं. नको असलेली नोकरी सुटल्यावर सुद्धा माणसाला इतकं लागतं, हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी नुसतीच चहाला जायला लागले.

अजून तीन वर्षं अशीच गेली. साहेब म्हातारे झाले, तोंड पांढरं पडलं. डॉक्टरीणबाईंनी कान बघितले, म्हणाल्या, "इतके स्वच्छ कान मी बघितले नाहीत. पण ऐकणं गेलंय. वय झालं." काकांना या वेळी मास्कमधूनही सगळं ऐकू आलं. त्या आठवड्याच्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र पुन्हा सव्वानऊ, डावी लाइन, पाणी सोडलं. साहेब गेले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात, आणि महिन्याभरात काकांनी आपण होऊन, फोन करून, वैशालीला बोलावून घेतलं.

पण काका आठवले की मला दिसतात ते त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यातले, साहेबांचं ऐकणं गेल्यानंतरचे. मी पन्ह्याचा तांब्या घेऊन वर गेले होते. आतलं दार उघडं, जाळीचं लावलेलं. काका पेपर वाचत होते. त्यांच्या पायावर डोकं ठेवून साहेब झोपलेले, एक कान इकडे, एक तिकडे पसरलेला. मी बेल दाबली.

काकांनी लगेच मान वर केली. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. पण ते उठले नाहीत. दाराकडे बघितलंही नाही. पेपर आवाज न करता घडी घालून बाजूला ठेवला. अंगठ्याने साहेबांना हळूच ढोसलं. मग वाकून दोन बोटांनी डावा कान उचलला आणि त्याच्यात म्हणाले, "साहेब, बेल वाजनी. कोन उनं ते देखा बरं."

साहेबांनी एक डोळा उघडला. काकांच्या तोंडाकडे बघितलं. मग मोठ्या कष्टाने पुढचे दोन पाय उभे केले आणि दाराऐवजी कपाटाकडे तोंड करून एकदा भुंकले.

"हां हां, आलो," काका म्हणाले आणि उठले.

मी पटकन दोन पायऱ्या खाली उतरले आणि आत्ताच आल्यासारखी पुन्हा वर चढले. काकांनी दार उघडलं.

"या ताई. साहेबांनी सांगितलं म्हणून कळलं. मी आपला पेपरात होतो."

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. "कान अजून चांगले आहेत हो साहेबांचे," मी म्हटलं.

"मग!" काका म्हणाले. "लाइन ओके."